मधली पायरी घ्या, पण आधी निम्मं सॉफ्टवेअर काढून टाका

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. नागरी सहकारी बँक, १४ शाखा आणि मुख्य कार्यालय, २३० संगणक, १६ सर्व्हर, आयटी विभागात दोन माणसं. विंडोजचे पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी अपडेट, डब्ल्यूएसयूएस या मायक्रोसॉफ्टच्या अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरवरून जातात. क्रोम, अ‍ॅक्रोबॅट रीडर, जावा, विनरार यांच्या मात्र वाटेल त्या जुन्या आवृत्त्या शाखांमध्ये आहेत, आणि ऑडिटरने 'थर्ड पार्टी पॅचिंगची (मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांच्या सॉफ्टवेअरच्या पॅचची) व्यवस्था नाही' असा शेरा मारला आहे. विक्रेत्याने तीन पायऱ्यांचं कोटेशन दिलं. पहिलीत तयार पॅच तुमच्या डब्ल्यूएसयूएसमध्ये येऊन पडतात, बाकी सगळं तुम्ही करायचं. दुसरीत त्यांचा स्वतःचा एजंट (प्रत्येक मशीनवर बसणारा छोटा प्रोग्रॅम), मशीनचे गट, शाखेत पॅचची स्थानिक प्रत आणि ठरावीक वेळी निघणारे अहवाल. तिसरीत याशिवाय आपलं सॉफ्टवेअर आपण पॅकेज करण्याची (सगळीकडे आपोआप बसेल असं बांधण्याची) सोय, त्रुटींचं स्कॅनिंग, ड्रायव्हर-बायोस या हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची अपडेट आणि चोवीस तास फोनवर मदत. दुसरीचा दर पहिलीच्या पावणेदोनपट, तिसरीचा अडीचपट. सीईओ म्हणतात, शेरा निघेल एवढंच घ्या. विक्रेता म्हणतो, बँक आहे, तिसरीच घ्या. आणि तुम्ही विचारताय, कोणती घ्यावी.

मी सतरा वर्षं सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या सहकारी बँका, पतसंस्था आणि काही कारखान्यांमध्ये हेच काम करते आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: तुम्ही दिलेल्या माहितीवरून दुसरी पायरी, आणि तीही एकाच वर्षासाठी. पण ती का, हे कळलं नाही तर विक्रेता पुढच्या भेटीत तुम्हाला सहज तिसरीवर नेईल किंवा संचालक मंडळ पहिलीवर आणून ठेवेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पायऱ्यांमध्ये सुरक्षिततेचा फरक असतो असं आपण गृहीत धरतो. तो बहुतेक वेळा नसतो. क्रोमचा पॅच पहिल्या पायरीतही तोच आणि तिसरीतही तोच, कारण तो गुगलने बनवलेला आहे. फरक असतो तो श्रमांचा. पॅच आला हे कळणं, तो आपल्याला लागू आहे का हे पाहणं, पॅकेज बांधणं, चार मशीनवर लावून बघणं, चौदा शाखांत पोचवणं, कुठे अडला ते शोधणं, गरज पडली तर मागे घेणं आणि शेवटी झाल्याचा पुरावा ठेवणं. ही सगळी साखळी आहे. यातल्या कोणत्या कड्या तुम्ही दोघं दर महिन्याला, एक जण रजेवर असतानाही, ओढू शकता आणि कोणत्या नाही, हे ठरवलं की पायरी आपोआप ठरते. जी कडी हाताने जमत नाही तिच्यासाठी पैसे मोजा. जी जमते तिच्यासाठी मोजू नका.

हे परिस्थितीवर फार अवलंबून आहे, हेही मान्य करते. तीस संगणकांच्या पतसंस्थेने मला हाच प्रश्न विचारला असता तर मी काहीच विकत घेऊ नका म्हटलं असतं. तिथे क्रोमचा स्वतःचा अपडेटर चालू ठेवला, नको ते सॉफ्टवेअर काढलं आणि उरलेल्या दोन-तीन गोष्टी विंगेट या विंडोजच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या स्क्रिप्टने केल्या तरी काम भागतं. सगळी मशीन लॅपटॉप असती आणि माणसं घरून काम करत असती तर उत्तर वेगळं असतं. तुमच्याकडे इंट्यून (क्लाउडवरून मशीन सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) असतं तर आधी तुमच्या परवान्यात मायक्रोसॉफ्टचं एंटरप्राइझ अ‍ॅप मॅनेजमेंट येतं का ते तपासायला सांगितलं असतं, कारण २०२४ पासून ते थर्ड पार्टी अ‍ॅपचं बरंच काम करतं. पण तुमचं चित्र स्पष्ट आहे: शाखांमध्ये बसलेली मशीन, मुख्य कार्यालयाला जोडणारी बारीक लाइन, दोन माणसं.

आता कोटेशन बाजूला ठेवा आणि यादी करा. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१८ च्या नागरी बँकांसाठीच्या सायबर सुरक्षा परिपत्रकात नियंत्रणांचा क्रमच बोलका आहे. आधी मालमत्तेची यादी, मग अनधिकृत सॉफ्टवेअरला आळा, आणि अँटिव्हायरस-पॅच त्यानंतर. बहुतेक बँका उलट्या टोकापासून सुरुवात करतात. मी एखाद्या नव्या बँकेत पहिल्यांदा यादी काढते तेव्हा दरवेळी तेच दिसतं: विनरारची चाचणी-मुदत संपलेली प्रत निम्म्या मशीनवर, तीन वेगवेगळे पीडीएफ रीडर, व्हीएलसी, कुणीतरी एकदा टाकलेलं टीमव्ह्यूअर, जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर ज्याचा प्रिंटर भंगारात जाऊनही चार वर्षं झाली. यातलं कॅशियरला किंवा क्लार्कला काय लागतं? बहुतेक काहीच नाही.

विनरारचंच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये ६.२३ या आवृत्तीत सीव्हीई-२०२३-३८८३१ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी बुजवली, पण हल्लेखोर ती त्या वर्षीच्या एप्रिलपासून वापरत होते. पुन्हा जुलै २०२५ मध्ये ७.१३ आली, तीही अशाच प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटीमुळे. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही आणि डब्ल्यूएसयूएस त्याला हात लावत नाही. म्हणजे कुणी जाऊन बदललं नाही तर २०१९ ची प्रत आजही तशीच असेल. तिला पॅच करण्यासाठी परवाना घ्यायचा की ती काढून टाकायची? विंडोज स्वतः झिप उघडतं. काढून टाका. काढलेल्या सॉफ्टवेअरला पॅच लागत नाही, आणि यासाठी कोणतीही पायरी लागत नाही. माझ्या अनुभवात या एका कामाने शेऱ्यातली निम्मी यादी साफ होते. शाखाधिकाऱ्यांची कुरकुर होईल, ती आठवडाभरात थांबते.

काढून झाल्यावर जे उरेल त्याच्या दोन याद्या करा. पहिलीत जगभर वापरलं जाणारं: क्रोम किंवा फायरफॉक्स, अ‍ॅक्रोबॅट रीडर, ७-झिप, व्हिसी रनटाइम (अनेक प्रोग्रॅम चालायला लागणारा घटक), सर्व्हरवरचं नोटपॅड प्लस प्लस वगैरे. कुठल्याही विक्रेत्याच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे तो ज्यांचे पॅच देतो त्या यादीत, हे असतंच. दुसरी यादी आपल्या मातीतली: डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे (सही साठवणाऱ्या यूएसबी उपकरणाचे) ड्रायव्हर, जीएसटीसाठीचं सही करणारं एमसायनर, टॅली, मराठी टायपिंगचं श्रीलिपी किंवा आयएसएम, चेक स्कॅनरचं सॉफ्टवेअर, पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर, कोअर बँकिंगचा (बँकेच्या मुख्य खाते-सॉफ्टवेअरचा) शाखेतल्या मशीनवरचा क्लायंट. ही दुसरी यादी कॅटलॉगमध्ये नाही असं धरूनच चाला, आणि असल्याचा विक्रेता दावा करत असेल तर त्याच्याकडून नावानिशी लेखी घ्या. 'आम्ही शेकडो अ‍ॅप सपोर्ट करतो' या वाक्याचा तुम्हाला उपयोग नाही. तुमची पंचवीस नावं त्याच्याकडे पाठवा आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही मागा.

पहिली पायरी मी तुम्हाला का सुचवत नाही, त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे ती पूर्णपणे डब्ल्यूएसयूएसवर उभी आहे, आणि मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्येच जाहीर केलं की डब्ल्यूएसयूएसमध्ये आता नवं काही येणार नाही. ते उद्या बंद पडणार नाही, चालू राहील, पण नव्या खर्चाचा पाया म्हणून ते घेणं मला पटत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूएसयूएसच्याच सर्व्हरमध्ये गंभीर त्रुटी सापडली, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारा नेहमीचा पॅच पुरा पडला नाही आणि २३ तारखेला वेगळा तातडीचा पॅच काढावा लागला. तुमच्या सर्व्हरवर तो लागला आहे का, हे आजच बघा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

दुसरं कारण तुमच्या लाइनचं. हा हिशेब विक्रेते कधी मांडून दाखवत नाहीत, म्हणून मी मांडते. शाखेला ४ एमबीपीएसची लीज्ड लाइन आहे असं धरा. एमबीपीएस बिटमध्ये मोजतात आणि आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा एमबी. ब्राउझरचं एक अपडेट १२० एमबीचं धरा आणि शाखेत १२ मशीन. प्रत्येक मशीनने मुख्य कार्यालयातून आपापली प्रत ओढली तर १४४० एमबी होतात आणि लाइन पूर्ण भरून ४८ मिनिटं लागतात. या वेळात कोअर बँकिंगही त्याच लाइनवर चालू असतं. सकाळी साडेदहाला हे सुरू झालं तर पासबुकाची रांग दारापर्यंत जाते आणि पहिला फोन तुम्हालाच येतो. शाखेतल्या एका मशीनने एकदाच प्रत घेऊन बाकीच्या अकरांना शाखेतल्या शाखेत वाटली तर लाइनवर चार मिनिटांचा भार येतो, बस्स. हे एकच सॉफ्टवेअर झालं. क्रोमचे सुरक्षा पॅच ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला येतात, म्हणजे हा हिशेब महिन्याला चारदा. विंडोजची डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन ही सोय मायक्रोसॉफ्टच्या पॅचसाठी हे काम करते, पण थर्ड पार्टी पॅकेजला ती लागू होईल का हे त्या उत्पादनावर ठरतं. मला विचाराल तर दुसऱ्या पायरीतली शाखेतली स्थानिक प्रत हीच पैसे मोजण्यासारखी मुख्य गोष्ट आहे. गट पाडणं आणि अहवाल तिच्यामागून येतात.

'क्रोम तर स्वतःच अपडेट होतो ना?' हा प्रश्न तुमचे सीईओ नक्की विचारतील. घरी होतो. बँकेच्या शाखेत इंटरनेट बंद किंवा प्रॉक्सीमागे (गाळणी लावणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) असतं, अपडेटरचा पत्ता अडवलेला असतो, आणि चुकून पॅच उतरलाच तरी ब्राउझर बंद करून उघडेपर्यंत तो लागू होत नाही. काउंटरवरचा ब्राउझर सकाळी उघडतो तो संध्याकाळीच बंद होतो, आणि काही ठिकाणी मशीन नुसतं झोपवलं जातं, बंद केलंच जात नाही. म्हणून विक्रेत्याला हेही विचारा: ब्राउझर उघडा असताना तुमचा एजंट काय करतो? वाट बघतो, सूचना देतो की थेट बंद करतो? खातेदाराची नोंद अर्धवट असताना ब्राउझर बंद करणारा एजंट शाखेत एक दिवस टिकत नाही.

आता तिसरी पायरी. तिच्यात चार गोष्टी आहेत, त्या एकेक करून पाहू. ड्रायव्हर आणि बायोससाठी डेल, एचपी, लेनोव्हो यांची स्वतःची साधनं फुकट आहेत. तुमची मशीन दोन-तीन मॉडेलची असतील तर तीन महिन्यांतून एकदा तेवढं हाताने होतं. त्रुटींचं स्कॅनिंग तुम्ही बाहेरच्या संस्थेकडून करून घेतच असाल, ते दुप्पट कशाला? स्कॅनिंगचा खरा फायदा असतो तो 'आधी काय लावू' हे कळण्यात, आणि त्यासाठी अमेरिकेची सीसा ही सरकारी संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींची यादी फुकट प्रसिद्ध करते. वर सांगितलेल्या विनरारच्या दोन्ही त्रुटी त्या यादीत आहेत. दर सोमवारी दहा मिनिटं ती यादी आपल्या यादीशी ताडून बघितली की प्राधान्य ठरतं. चोवीस तास फोनचं म्हणाल तर रात्री दोन वाजता तुम्ही पॅच लावत नाही. कामाच्या वेळेत, भारतीय वेळेनुसार, माणूस बोलतो का, एवढंच महत्त्वाचं आहे.

उरली आपलं सॉफ्टवेअर पॅकेज करण्याची सोय. तिसरी पायरी घेण्याचं खरं कारण असलं तर हेच असू शकतं. तुमच्या दुसऱ्या यादीत पाच-सहा नावं असतील आणि ती वर्षातून एक-दोनदाच बदलत असतील तर ग्रुप पॉलिसीने (विंडोजच्या केंद्रीय सेटिंगने) किंवा शाखेच्या फेरीत ती बदला. दहाच्या वर नावं असतील, किंवा कोअर बँकिंगवाला दर महिन्याला क्लायंट बदलत असेल, तर तिसरी पायरी स्वतःची किंमत वसूल करते आणि तेव्हा मी तुम्हाला अडवणार नाही. सहा महिने मोजा आणि मग ठरवा. खालून वर जाणं बहुतेक विक्रेते मुदतीच्या मधेच करू देतात. वरून खाली यायला मात्र नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

जावाबद्दल वेगळं लिहिते, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. एका कारखान्यात आम्ही पॅचचं साधन बसवलं आणि सुरुवातीच्या उत्साहात 'सगळे गंभीर पॅच आपोआप मंजूर' असं ठेवलं. त्यात जावा ८ पण होतं. ओरॅकलने जानेवारी २०१९ नंतर व्यावसायिक वापरासाठीचे जावा ८ चे फुकट अपडेट बंद केले. अपडेट २०२ हे जुन्या परवान्यातलं शेवटचं, एप्रिल २०१९ मधल्या २११ पासून परवान्याच्या अटी बदलल्या. आमच्या साधनाने दीडशेच्या वर मशीनवर नवं अपडेट नेऊन बसवलं. तांत्रिकदृष्ट्या काम चोख झालं आणि परवान्याच्या दृष्टीने कारखाना अडचणीत आला. २०२३ पासून तर तो परवाना मशीनवर नाही, संस्थेतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर मोजला जातो. आम्हाला ते सगळं काढून ओपनजेडीके ही जावाची मुक्त आवृत्ती बसवावी लागली, आणि त्या गडबडीत टेंडर भरायच्या दोन मशीनवर सिग्नेचरचं टोकन चालेना. निविदेची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी होती. रात्री अकरापर्यंत बसून ती दोन मशीन पूर्ववत केली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: जावा कधीही आपोआप मंजुरीत नाही. कुठे लागतं ते शोधायचं, लागत नाही तिथून काढायचं, लागतं तिथे कुठली बांधणी चालते ते सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून लेखी घ्यायचं. तुम्ही निवडाल त्या पायरीत एखादं उत्पादन एखाद्या गटासाठी वगळता येतं का आणि एखाद्या आवृत्तीवर थांबवता येतं का, हे बघा. पहिल्या पायरीत काही विक्रेते हे देत नाहीत.

कोअर बँकिंगलाही हेच लागू. ते सॉफ्टवेअर देणारा कुठल्या ब्राउझरची कुठली आवृत्ती चालते असं सांगतो? दर काही आठवड्यांनी येणाऱ्या मोठ्या बदलाची त्याला धास्ती वाटत असेल तर शाखांना क्रोमच्या एक्सटेंडेड स्टेबल वाहिनीवर ठेवा. तिथे मोठा बदल आठ आठवड्यांनी येतो आणि सुरक्षा पॅच मधल्या काळात येत राहतात. 'कोअर बँकिंगवाल्याने अपडेट करू नका सांगितलंय' हे कारण ऑडिटर एकदा ऐकतात, दुसऱ्यांदा ऐकत नाहीत.

गट पाडण्याबद्दल थोडं. पहिल्या गटात तुमची दोघांची मशीन आणि मुख्य कार्यालयातली चार-पाच. दुसऱ्यात दोन शाखा, एक जवळची आणि एक सर्वांत वाईट लाइनची. तिसऱ्यात बाकी सगळ्या. पहिल्यातून दुसऱ्यात दोन दिवसांनी, तिसऱ्यात आणखी तीन दिवसांनी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. ते अपडेट सगळीकडे एकदम गेलं होतं. गट का पाडायचे हे संचालकांना समजावताना मी तेवढं एकच उदाहरण देते. उलट एखाद्या त्रुटीवर प्रत्यक्ष हल्ले चालू असतील तर पाच दिवस थांबणं चुकीचं, तेव्हा ४८ तासांत सगळीकडे. हा वेगळा रस्ता धोरणात आधीच लिहून ठेवा, ऐनवेळी परवानगी कुणाची घ्यायची यावर चर्चा नको.

सर्व्हरसाठी चौथा शनिवार धरा. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी दोघांचे मासिक पॅच दुसऱ्या मंगळवारी येतात, आणि दुसरा शनिवार कधी त्याच्या आधी येतो, कधी नंतर. चौथा शनिवार मात्र दुसऱ्या मंगळवारनंतर कमीत कमी अकरा दिवसांनीच येतो. तेवढ्यात शाखांच्या मशीनवर काय बिघडतं ते कळून चुकलेलं असतं, आणि त्या दिवशी बँक बंद असते. शाखांमधली मशीन संध्याकाळी बंद होतात, त्यामुळे पॅच दिवसा हळूहळू उतरवायचे आणि डे-एंडनंतर (दिवसाचे हिशेब बंद झाल्यावर) मशीन बंद होताना बसवायचे. रात्री मशीन चालू ठेवा असं शाखेला सांगून उपयोग होत नाही, मी बरीच वर्षं सांगून पाहिलं.

शेऱ्याचं काय? सीईओंना शेरा काढायचा आहे, आणि ते रास्त आहे. पण ऑडिटर पुढच्या वेळी 'साधन घेतलं का' एवढंच विचारणार नाहीत. पॅच प्रसिद्ध झाल्यापासून किती दिवसांत लागला, कुणी मंजूर केला, कुठे लागला नाही आणि का नाही, त्या अपवादाला कुणाची सही आहे, हे विचारतील. म्हणून चाचणीच्या काळात अहवाल उघडून बघा. मशीनचं नाव, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, तारीख, अपयशाचं कारण, हे एका ओळीत दिसतं का? नुसता '९४ टक्के अनुपालन' असा रंगीत गोल दाखवणारा अहवाल कामाचा नाही, उरलेली सहा टक्के मशीन कोणती हे त्यातून कळत नाही. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत. पॅच सर्व्हरचे लॉगही त्यात धरा, आणि क्लाउडवरचं साधन असेल तर ते किती दिवस ठेवतं ते विचारा. खालच्या पायऱ्यांत ही मुदत अनेकदा कमी असते.

पैशांकडे येऊ. २३० अधिक १६ म्हणजे २४६, असं तुम्ही लिहिलंय. डीआर साइटचे (आपत्तीत वापरायच्या पर्यायी केंद्राचे) सर्व्हर त्यात आहेत का? संचालकांचे लॅपटॉप? एटीएम बहुधा दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात असतील, ते वगळा. बंद पडलेलं मशीन बदललं की जुन्याचा परवाना लगेच सुटतो की तीस-चाळीस दिवस अडकून राहतो, हेही विचारा. कोटेशन डॉलरमध्ये असेल तर रुपयांत बिल देणारा भारतीय वितरक शोधा. वर १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका, आणि बँकेला त्यातला किती परत मिळतो ते तुमच्या सीएंना विचारा. तीन वर्षांच्या सवलतीचा आग्रह होईल. पहिल्या वर्षी घेऊ नका. त्याऐवजी पुढच्या नूतनीकरणाची दरवाढ किती टक्क्यांपर्यंत, हे आत्ता लिहून घ्या. विंडोज १० ची मशीन उरली असतील तर त्यांचं बजेट वेगळं ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला आहे, आणि थर्ड पार्टी पॅचचं कुठलंही साधन ती उणीव भरून काढत नाही.

आणखी एक गोष्ट पायरी कुठलीही असली तरी तपासायचीच आहे. हे साधन तुमच्या प्रत्येक मशीनवर सर्वोच्च अधिकाराने काहीही चालवू शकतं. जुलै २०२१ मध्ये कसेया कंपनीच्या अशाच व्यवस्थापन साधनातून रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) पसरलं आणि दीड हजारांच्या आसपास संस्था अडकल्या. स्वीडनमधल्या कूप या सहकारी किराणा साखळीने गल्ले चालेनात म्हणून शेकडो दुकानं बंद ठेवली. म्हणून कन्सोलवर (साधन चालवण्याच्या पानावर) दुहेरी ओळख-पडताळणी, तुमच्या दोघांना वेगवेगळी खाती, आणि कुणी काय मंजूर केलं याची नोंद. यातलं एकही वरच्या पायरीत ढकललं असेल तर तो विक्रेताच बदला.

विक्रेत्याकडून तीस दिवसांची चाचणी मागा, वीस मशीनवर, दोन खऱ्या शाखांत. मुद्दाम जुनं ७-झिप टाकून ठेवा, क्रोम उघडा ठेवा, एक मशीन आठवडाभर बंद ठेवून मग चालू करा, एकदा लाइन मधेच तोडा, आणि लागलेला एक पॅच मागे घेऊन दाखवायला सांगा. दुसरी पायरी यातून पार पडली तर मंडळापुढच्या टिप्पणीत मी असं लिहीन: 'अनावश्यक सॉफ्टवेअर काढून टाकण्यात आले. उरलेल्या सॉफ्टवेअरची यादी सोबत. त्यांच्या पॅचसाठी मधल्या पायरीचे सबस्क्रिप्शन एका वर्षासाठी घ्यावे. कॅटलॉगमध्ये नसलेल्या सॉफ्टवेअरचे काम विभाग स्वतः करेल व त्याला लागलेले तास नोंदवेल. सहाव्या महिन्यात त्या नोंदी समितीपुढे ठेवून पुढील पायरीचा विचार करावा.' तुमची दुसरी यादी तयार झाली की इथेच टाका, त्यातली कुठली नावं त्रास देतील ते मी बघून सांगते.